भाकड दिवशीची भेट : अबोल्यानंतर दिवाळीत वडिलांकडे जाताना

दिवाळीत वडिलांकडे जाण्याचे ठरवले असेल, तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जाऊ नये. अनेक वर्षांचा अबोला मोडायचा म्हणजे सणाचा सर्वांत मोठा दिवस गाठावा असे मनात येते, कारण त्या दिवशी कोणी कोणाला दारातून परत पाठवत नाही हे आपल्याला ठाऊक असते. परंतु नेमक्या त्याच कारणामुळे त्या दिवशीची भेट ही भेट राहत नाही. घर माणसांनी भरलेले असते, पूजेचा मुहूर्त टळण्याची धास्ती असते, चाळीच्या गॅलरीतून ये-जा करणारा प्रत्येक शेजारी दारापाशी क्षणभर रेंगाळतो, आणि पाटावर बसलेल्या वडिलांना त्या घटकेला घरातला कर्ता पुरुष म्हणून वागण्यावाचून गत्यंतर नसते. असा माणूस स्वागत करील तेही चारचौघांसाठी आणि दुर्लक्ष करील तेही चारचौघांसाठी.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. लालबागच्या ज्या चाळीत मी वाढलो, तिथल्या खोलीची भाडेपावती वडिलांनी मला न विचारता धाकट्या भावाच्या नावावर केली, आणि मी जिन्यात उभा राहून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांना बोलू नये ते बोललो. मुंबईच्या जुन्या चाळी ज्यांना ठाऊक नाहीत, त्यांना एका पावतीवरून एवढे रामायण कशासाठी असे वाटेल. पण आजची पावती म्हणजे पुनर्विकासानंतरचा मालकीचा फ्लॅट असतो, आणि मुलांच्या दृष्टीने बापाने आपला कोणाला मानले याचा तो लेखी पुरावाही असतो. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. २४ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, मी पत्नीला आणि मुलीला घेऊन, सुक्या मेव्याचा भला मोठा खोका हातात धरून त्या दारात उभा राहिलो. वडिलांनी खोक्याकडे पाहून "ठेव तिकडे" म्हटले, नातीच्या हातावर लाह्या-बत्तासे ठेवले आणि पुन्हा पूजेच्या ताटाकडे वळले. दहा-बारा मिनिटांत आम्ही जिना उतरत होतो. पुढच्या वर्षी मात्र जमले, आणि त्याचे श्रेय माझ्या शहाणपणापेक्षा पंचांगाला अधिक आहे.

दिवस कोणता निवडावा

तिथी आणि दिवस यांची लांबी सारखी नसते. तिथी साधारण १९ ते २६ तासांत कमीजास्त होते, दिवस मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजला जातो, आणि त्यामुळे काही वर्षी दिवाळीच्या दोन दिवसांच्या मध्ये एक रिकामा दिवस येतो. त्याला आपण भाकड दिवस म्हणतो. २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला रविवारी पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन झाले, पाडवा १४ तारखेला होता, आणि मधला सोमवार कोणाच्याच नावावर नव्हता. त्या दिवशी पूजा नसते, ओवाळणी नसते, पाहुण्यांची वर्दळ नसते. घरात फराळ असतो, कंदील असतो, दाराशी अर्धी पुसलेली रांगोळी असते. सणाचा उबारा शिल्लक असतो आणि सणाचे ओझे उतरलेले असते. अबोला मोडण्यासाठी याहून सोयीचा दिवस मला माहीत नाही.

पंचांग नीट पाहावे, कारण सगळेच भाकड दिवस कामाचे नसतात. २०२२ मध्येही २५ ऑक्टोबरचा दिवस असा मोकळा होता, पण त्या संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होते, आणि ग्रहण पाळणाऱ्या माझ्या वडिलांकडे मला चहासुद्धा मिळाला नसता. ज्या वर्षी मधला दिवस येतच नाही, त्या वर्षी भाऊबीजेची दुपार पाहावी. त्या वेळी बरोबर राहणारे भाऊ आपापल्या बहिणींकडे गेलेले असतात आणि म्हातारी माणसे पुष्कळदा घरी एकटी असतात. तेही जमत नसेल, तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जावे. कोकणातल्या घरांना दिवाळीपेक्षा गणपती मोठा असतो हे खरे. पण लालबाग-परळ भागात त्या दिवसांत स्वतःच्या चाळीपर्यंत पोचणे हेच एक काम होऊन बसते, म्हणून गणपतीत जायचेच असेल तर घरच्या मूर्तीच्या विसर्जनानंतरचा दिवस धरावा. वसईच्या किंवा वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांतही तोच हिशेब लागू पडतो : नाताळचा दिवस सोडावा आणि नवीन वर्षाच्या आधीचा एखादा रिकामा दिवस घ्यावा.

वेळ दुपारी साडेतीन-चारची असावी. दुपारची झोप झालेली असते, चहाची वेळ होत आलेली असते, आणि दिवेलागणीला निघण्याचे निमित्त आपोआप मिळते.

निरोप कसा द्यावा

न सांगता जाऊन चकित करण्याची कल्पना चित्रपटात शोभते. सत्तरीतल्या माणसाला, तो बनियनवर बसलेला असताना, नऊ वर्षांनी समोर उभा राहिलेला मुलगा आनंदाआधी लाज देतो, आणि ती लाज लपवायला तो रागावतो. म्हणून चार-पाच दिवस आधी कळवावे, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर मुळीच कळवू नये.

निरोप स्वतः फोनवर दिला तर उत्तम. धीर होत नसेल तर एकाच माणसाकरवी द्यावा. हा माणूस निवडताना प्रेमापेक्षा त्याचा मितभाषीपणा पाहावा. माझ्या आत्याचे आम्हा दोघांवरही अपार प्रेम आहे, पण २०२२ मध्ये मी तिला सांगितले आणि चोवीस तासांत ती बातमी सावंतवाडीपर्यंत पोचली, त्यामुळे वडिलांना माझ्या येण्याची खबर मिळण्याऐवजी त्यावरची गावाची मतेच आधी मिळाली. दुसऱ्या वर्षी मी शेजारच्या खोलीतल्या काकांना गाठले, जे दिवसाला मोजून वीस वाक्ये बोलतात. बहिणीला मध्ये घ्यायचे असेल तर तिला एवढीच अट घालावी की तिने आपल्या घरी भाऊबीजेच्या जेवणाला दोघांना परस्पर बोलावून अचानक गाठ घालून देऊ नये. हेतू चांगला असला तरी त्यात वडिलांना आपण फसवले गेलो असे वाटते, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांचा राग मुलाबरोबर लेकीवरही राहतो.

निरोपात तीन गोष्टी असाव्यात : कधी येणार, कशासाठी येणार आणि कधी निघणार. मी पाठवलेला निरोप असा होता : "सोमवारी चार वाजता येतो. कंदील लावून देतो. तासाभराने निघेन." यात तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण भेट कधी संपणार हे माहीत असलेला माणूस ती सुरू व्हायला कमी घाबरतो. "मला तुमच्याशी बोलायचं आहे" हे वाक्य टाळावे. त्या पिढीच्या कानाला त्याचा अर्थ पैसे किंवा वाटणी असाच लागतो. क्षमाही निरोपातून मागू नये.

उत्तर काय येते ते ऐकताना वडिलांची भाषा विसरू नये. "बघू" म्हणजे होकार. "कशाला उगाच त्रास" म्हणजेही होकारच, फक्त मान राखून दिलेला. "तुझी मर्जी" म्हणजे राग अजून आहे, पण दाराला कडी नाही. "घर तुझंच आहे" हे वाक्य, विशेषतः जिथे घरावरूनच बिनसले आहे तिथे, टोमणाही असू शकते आणि आमंत्रणही. ते आमंत्रण समजून चालावे, कारण टोमणा समजण्यात कोणाचाच फायदा नाही. काहीच उत्तर न येणे हा नकार नव्हे. "नको" हा शब्द मात्र दोनदा, शांत आवाजात आला, तर तो नकार मानावा, त्या वर्षी जाऊ नये, आणि फराळाचा डबा त्याच मध्यस्थाकडे देऊन ठेवावा.

ज्यांनी जाऊ नये

सगळेच अबोले मोडण्याजोगे नसतात. लहानपणी ज्याला मार खावा लागला, ज्याच्या आईला मार खाताना त्याने पाहिले, किंवा ज्याचे वडील अजूनही पिऊन अंगावर धावतात, त्याने सणाच्या आणि नातेवाइकांच्या दबावाखाली जाण्याचे काहीही कारण नाही. "कसाही असला तरी बाप आहे" असे सांगणाऱ्या माणसाला त्या घरात रात्र काढावी लागलेली नसते. दारू सुटत आली असेल आणि तरीही जायचे असेल, तर बरोबर मोठ्या वयाचा एक माणूस न्यावा, दिवसाउजेडी जावे आणि अर्ध्या तासात निघावे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभा मुंबईत भरतात, आणि व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल्-अॅनॉनचे गट आहेत. भेटीआधी तिथे एकदा बसून यावे.

आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या कायद्याखाली वडिलांनी पोटगीचा अर्ज केला असेल, किंवा घराचा दावा न्यायालयात असेल, तर जाण्यापूर्वी आपल्या वकिलाला विचारावे आणि भेटीत त्या विषयाचा एक शब्दही काढू नये. जाण्याच्या विचारानेच झोप उडत असेल, छाती धडधडत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. वडील एकटे असून त्यांचे हाल होत असल्याचे कानावर आले आणि आपल्याला जाणे शक्य नसेल, तर ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन १४५६७ या क्रमांकावर आहे.

जागा आणि प्रवास

शंभर-दीडशे चौरस फुटांच्या खोलीत एकांत मिळत नाही, म्हणून बाहेर भेटावे असा सल्ला अनेक जण देतात. मला तो फारसा पटत नाही. वडिलांना हॉटेलात बोलावले की ते पाहुणे होतात. इस्त्रीचा सदरा घालून, मेन्यूतल्या किमती वाचत, बिल कोण देणार या काळजीत बसतात. स्वतःच्या खोलीत त्यांना चहा देता येतो, आणि काहीतरी देता येणे ही त्या दिवशी त्यांची सर्वांत मोठी गरज असते. शिवाय भाकड दिवस जर कामाच्या वारी आला, तर चाळीतली निम्मी माणसे कचेरीत असतात. माझा भाऊ आणि त्याची पत्नी त्या सोमवारी कामावर गेली होती, आणि हे मी आधी विचारून घेतले होते.

घरातल्या दुसऱ्या कोणाचा कडवा विरोध असेल तरच बाहेरची जागा शोधावी. शिवाजी पार्कचा कट्टा दुपारी चांगला; दिवाळीच्या संध्याकाळी तिथे रोषणाई पाहणाऱ्यांची एवढी गर्दी असते की शेजारी बसून बोललेलेही ऐकू येत नाही. कट्ट्याचा मोठा गुण हा की तिथे दोन माणसे समोरासमोर न बसता शेजारी बसतात आणि मैदानाकडे पाहत बोलतात. पुढच्या एखाद्या भेटीत नातवंड बरोबर असेल तर राणीची बाग आहे, पण ती एरवी बुधवारी बंद असते आणि सणाच्या आठवड्यात वेळापत्रक बदलू शकते, तेव्हा आधी चौकशी करावी.

प्रवासाकडे दुर्लक्ष करू नये. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि सणाच्या सुट्यांना बहुधा रविवारच्या वेळापत्रकाप्रमाणे लोकल धावतात, म्हणजे गाड्या कमी असतात. करी रोड आणि चिंचपोकळी या दोन्ही स्थानकांवर जलद गाडी थांबत नाही. एरवी अर्धा तास उशीर झाला तर मुंबईत कोणी मनावर घेत नाही, पण त्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांनी वडील मनात म्हणतात, "नाही येणार तो." मी कांदिवलीहून निघून दादरला गाडी बदलली आणि साडेतीनलाच करी रोडला उतरलो, पुलाखालच्या टपरीवर उभ्याने दोन चहा घेतले, आणि चारला पाच मिनिटे कमी असताना जिना चढू लागलो. गॅलरीच्या टोकाशी, रस्ता दिसतो तिथे, वडील उभे होते. मला पाहताच ते आत गेले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

हातात काय न्यावे

सुक्या मेव्याचा खोका नेऊ नये. रोख रक्कम नेऊ नये. कपडे तर मुळीच नेऊ नयेत, कारण आपल्या डोक्यात वडिलांचे जे माप असते ते जुने असते, आणि खांद्यावरून घसरणारा नवा सदरा दोघांनाही नको ते सांगून जातो. उटण्याची पुडी आणि मोती साबणाची वडी चालेल. ती अशी स्वस्त आणि ठरलेली वस्तू आहे की तिच्यातून कोणताही अर्थ काढता येत नाही.

फराळ न्यावा, पण मिठाईवाल्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून नेऊ नये. घरचा फराळ स्टीलच्या डब्यातून न्यावा, आणि शक्यतो भांड्यावर नाव घातलेल्या डब्यातून. पुठ्ठ्याचा खोका कचऱ्यात जातो. डबा परत करावा लागतो, आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. सगळ्या सामानात दुसऱ्या भेटीची तजवीज करणारी वस्तू हीच. आमच्या लग्नात आईने दिलेला, तिचे नाव कोरलेला डबा मी नेला होता. आई त्या भांडणाच्या आधीच गेली होती. डब्यावरच्या नावाबद्दल आम्ही दोघेही काही बोललो नाही, आणि तसेच असावे.

याशिवाय एक काम न्यावे, आणि या सगळ्या लेखात मला एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही आहे. मराठी बाप-लेक मोकळ्या हातांनी समोरासमोर बसले की त्यांना बोलता येत नाही. हाताला काम असले की बोलणे आपोआप बाजूने वाहू लागते. मी माहीमच्या कंदील गल्लीतून कामट्यांचा, पतंगी कागदाचा, साधा षट्कोनी कंदील घेतला आणि झिरमिळ्या मुद्दामच चिकटवून घेतल्या नाहीत. होल्डर आणि वायर घेऊन गेलो नाही, कारण ती वडिलांनी माळ्यावर जपून ठेवलेली असणार हे मला ठाऊक होते. ती तशी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्यांनी वायर तपासली, मी स्टुलावर चढलो, त्यांनी स्टूल धरले. "डावीकडे घे. अजून. आता सोड." नऊ वर्षांनंतरचे आमचे पहिले संभाषण हे एवढेच आहे. कंदील नको असेल तर नळाचा वॉशर बदलणे, पंखा पुसणे, बँकेत हयातीचा दाखला देण्याविषयीची चौकशी, मोबाइलमधली अक्षरे मोठी करून देणे, यांतले काहीही चालेल; मात्र काम खरे असावे, दोघांचे हात लागणारे असावे, आणि त्यात शक्यतो वडिलांना अधिक कळत असावे.

पहिल्या भेटीला एकट्याने जावे. मूल नेले की ते ढाल होते. दोघेही त्याच्याशीच बोलतात आणि तासाभराने आपण जिथे होतो तिथेच असतो. पत्नीला त्या घरात आपल्यापेक्षा जास्त सोसावे लागलेले असू शकते, तेव्हा तिने कधी यायचे ते तिने ठरवावे.

उंबरठ्याच्या आत

वडिलांना "अहो" म्हणत असाल तर "अहो" म्हणावे, "अरे" म्हणत असाल तर "अरे" म्हणावे. रागाच्या वर्षांत मनातल्या मनात त्यांचा उल्लेख एकेरीत करण्याची सवय लागते आणि ती तोंडातून निसटते. उलट, एरवी एकेरीत हाक मारणाऱ्या मुलाने अचानक "तुम्ही" म्हटले तर ते परकेपणाचे लागते.

नमस्कार जाताना करावा, आल्याबरोबर करू नये. आल्याबरोबर वाकले की त्यांना हातांचे काय करावे ते समजत नाही, आणि आपल्यालाही. दिवाळीचा नमस्कार हा रीत म्हणून होतो, त्यात कोण चुकले याचा निवाडा नसतो, आणि सणाचा खरा उपयोग मला हा वाटतो की कबुली न देता वाकता येते. भिंतीवर आईचा फोटो असेल तर त्याच्यासमोर आधी हात जोडावेत, पण तिथे फार वेळ थांबू नये.

पहिला टोमणा येणारच, तो उंबरठ्याचाच एक भाग समजावा. वडील मला म्हणाले, "सापडली का वाट?" मी म्हटले, "गाडी लेट होती, बाबा." ते हसले नाहीत, पण त्यांनी गॅसवर चहाचे आधण ठेवले. चहा येईल तसा प्यावा. साखर कमी करा, दूध नको, असले काही सांगू नये. टीव्ही चालू असेल तर तो बंद करायला लावू नये, कारण बोलणे तुटले तर नजर टेकवायला ती एक जागा असते.

बोलण्याचे विषय आधी मनात योजून ठेवावेत. पाणी हल्ली किती वाजता येते, दुसऱ्या मजल्यावरचे कोण विरारला गेले, इमारतीच्या पुनर्विकासाचे कुठवर आले (इथे पावतीचा उल्लेख टाळून), गावाला भात कापून झाला का. गिरणगावातल्या घरांत आणखी एक विषय असतो, आणि तो काढताना घाई करू नये. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या कापड गिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतल्या कित्येकांना पुन्हा गिरणीच्या खात्यात उभे राहता आले नाही. माझे वडील तेव्हा चौतीस वर्षांचे होते. पुढची सारी वर्षे त्यांनी एका इमारतीच्या फाटकाशी रखवालदार म्हणून काढली. एकदा हातचे सगळे गेलेला माणूस उरलेल्या एका खोलीबद्दल कोणाला न विचारता निर्णय का घेतो, हे मला त्या दिवशी कंदिलाची वायर गुंडाळताना, त्यांनी साचेखात्यातली, म्हणजे गिरणीत जिथे माग चालत तिथली, एक गोष्ट सहज सांगितली तेव्हा थोडेसे कळले. त्यांचा निर्णय मला आजही मान्य नाही. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही असे म्हणतात. आमचा अबोलाही तसाच, मागे न घेता विरत गेला.

जुना विषय त्यांनीच काढला तर उत्तर तयार असावे : "बाबा, ते आपण बोलू. आज नको, आज कंदील लावू." आवाज चढला तर गॅलरीत जाऊन दोन मिनिटे उभे राहावे. आणि तासाभराने निघण्याचे कबूल केले असेल तर तासाभराने निघावेच, भेट फार चांगली चालली असली तरी. जेवून जा म्हणाले तर "पुढच्या वेळी नक्की" म्हणावे. पहिल्या दिवशी दिलेला शब्द पाळलेला त्यांना दिसला पाहिजे.

वडील हे वाचत असतील तर

आपल्यासाठी सूचना थोड्याच आहेत. मुलगा येणार हे मजल्यावर सांगत फिरू नये. "आता आली का आठवण" हे वाक्य त्या एका तासापुरते गिळावे. पगार विचारू नये, काम कसे चालले आहे ते विचारावे. सुनेचे नाव घेऊन विचारपूस करावी, "ती कशी आहे" असे म्हणू नये. आणि तो निघताना दारापर्यंत, जमल्यास जिन्यापर्यंत जाऊन, "पोचलास की फोन कर" एवढे म्हणावे. ज्याला बापाकडून शब्दांनी कधीच काही मिळाले नाही, तो मुलगा हे वाक्य गाडीत विरारपर्यंत मनात घोळवत जातो.

त्यानंतरचे पंधरा दिवस

घरी पोचल्यावर "पोचलो" एवढाच फोन करावा. फोटो काढला असेल तर तो कोणालाही पाठवू नये, स्टेटसवर तर नाहीच. दुसऱ्याच दिवशी पुन्हा जाण्याची ओढ वाटते. ती आवरावी, कारण वडिलांनाही जे घडले ते आपल्या गतीने पचवायचे असते.

क्षमा मागायची असेल तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत मागावी आणि एका नेमक्या गोष्टीची मागावी. "झालं गेलं विसरून जा" ही क्षमा नव्हे, ती सूचना झाली. "मी त्या दिवशी जिन्यात जे बोललो, ते बोलायला नको होतं" हे वाक्य पुरते, आणि त्यापुढे "पण" जोडू नये. त्यांनीही काही कबूल करावे अशी अपेक्षा ठेवली तर बहुधा निराशा पदरी येईल. माझ्या वडिलांनी आजतागायत पावतीबद्दल काही कबूल केलेले नाही, मात्र आता मी गेलो की ते भावाला घरी थांबायला सांगतात. घराच्या व्यवहाराचे बोलणे सणात, पाहुण्यांसमोर किंवा संध्याकाळी कधीही काढू नये. त्यासाठी वेगळा दिवस ठरवावा, सर्व भावंडांना बोलवावे, आणि त्यात बहिणीला धरावे. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे गावच्या घराची वाटणी मांडणाऱ्या भावांना पुष्कळदा आठवत नाही.

दुसऱ्या भेटीसाठी कॅलेंडर पुन्हा मदतीला येते. तुळशीची लग्ने कार्तिक पौर्णिमेपर्यंत चालतात आणि पुष्कळ घरांतला कंदील त्रिपुरी पौर्णिमेनंतरच उतरतो, म्हणजे पाडव्यापासून साधारण दोन आठवडे मिळतात. २०२३ मध्ये कार्तिक पौर्णिमा २७ नोव्हेंबरला, पुन्हा सोमवारीच आली. "कंदील उतरवायला येतो" असे मी कळवले आणि चार वाजता पोचलो, तर गॅलरीत कंदील नव्हता. वडिलांनी तो सकाळीच, स्टूल धरायला शेजारच्या काकांना बोलावून, उतरवला होता, वायर गुंडाळून माळ्यावर ठेवली होती, आणि आईच्या नावाचा डबा घासून, त्यात साखर भरून, टेबलावर काढून ठेवला होता. मी दारातच उभा राहून दुसरे काही काम आहे का ते शोधू लागलो. असे झाले तर शोधू नये. ते म्हणाले, "काम काही नाही. बस."